शस्त्रक्रियेपूर्वीची भीती आणि प्रकृतिसुधारणा : जॅनिस यांच्या सिद्धांताचे परीक्षण

शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाच्या मनात वावरणाऱ्या भीतीचा त्याच्या पुढील प्रकृतिसुधारणेशी काही संबंध असतो काय, या प्रश्नाला मानसशास्त्रीय विवेचनात प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्या ग्रंथांत येल विद्यापीठातील अर्व्हिंग जॅनिस यांच्या 'सायकॉलॉजिकल स्ट्रेस' (१९५८) या ग्रंथाचे स्थान अग्रभागी आहे. भीती ही केवळ शामक औषधाने दडपून टाकावयाची उपाधी होय, अशी समजूत रूढ असताना जॅनिस यांनी तिला उपयुक्त कार्य असू शकते असे प्रतिपादन केले. हे प्रतिपादन आकर्षक आहे. आणि आकर्षक असल्यामुळेच त्याचा आधार काटेकोरपणे तपासून पाहणे अगत्याचे ठरते.

जॅनिस यांचा सिद्धांत थोडक्यात असा मांडता येईल. शस्त्रक्रियेपूर्वी ज्यांना अतिशय भीती वाटते, ते रुग्ण नंतरही भयग्रस्त राहतात. ज्यांना भीती जवळजवळ वाटतच नाही, ते आधी हसतमुख असतात. परंतु शस्त्रक्रियेनंतर वेदना सुरू झाल्या की चिडतात, परिचारिकांवर व डॉक्टरांवर रोष धरतात, उपचारांना विरोध करतात. या दोहोंच्या मधले, माफक भीती बाळगणारे रुग्ण मात्र परिस्थितीला सर्वांत चांगल्या रीतीने तोंड देतात. याचे कारण जॅनिस यांच्या मते असे की, माफक भीती रुग्णाला येऊ घातलेल्या प्रसंगाची मनातल्या मनात उजळणी करावयास लावते. या उजळणीला त्यांनी 'काळजीचे कार्य' म्हटले. फ्रॉइड यांच्या 'शोककार्य' या कल्पनेचे हे भावंड होय. शोककार्यात मन घडून गेलेल्या हानीशी हळूहळू समेट करते. काळजीच्या कार्यात ते होऊ घातलेल्या हानीशी आगाऊ समेट करते. भीती आणि प्रकृतिसुधारणा यांचा संबंध आलेखावर दाखवावयाचा तर तो मध्ये उंच व दोन्ही टोकांना उतरता होईल.

या सिद्धांताला ग्रंथात तीन प्रकारचा पुरावा दिलेला आहे : मनोविश्लेषण चालू असताना शस्त्रक्रियेला सामोऱ्या गेलेल्या एका स्त्रीचा सविस्तर वृत्तांत, शस्त्रक्रियेपूर्वी व नंतर घेतलेल्या २३ रुग्णांच्या मुलाखती, आणि पूर्वी शस्त्रक्रिया झालेल्या १४९ महाविद्यालयीन तरुणांनी भरून दिलेल्या प्रश्नावल्या. पैकी पहिल्यावरून अभ्युपगम सुचू शकतो, सिद्ध होऊ शकत नाही. २३ ही संख्या तीन गटांत विभागल्यावर फारच तोकडी पडते. संख्येचा भार मुख्यतः तिसऱ्या पुराव्यावर आहे, आणि नेमका तोच स्मृतीवर विसंबणारा आहे. ज्याला रुग्णालयातील दिवसांविषयी अजून राग आहे, तो 'मी तर निर्धास्तपणे गेलो होतो' असे सांगण्याचा संभव अधिक. अशा वेळी आधीची निर्भयता हे नंतरच्या रागाचे कारण आहे की नंतरच्या रागानेच तिची आठवण घडविली आहे, याचा निवाडा प्रश्नावलीवरून होत नाही.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. जॅनिस यांनी मोजलेला परिणाम प्रायः भावनिक आहे. रोष आणि चिडचिड ही प्रकृतिसुधारणेची उलट मापे मानणे योग्य आहे काय? ज्याला काहीही न सांगता वेदनेच्या तोंडी दिले, त्याचा राग हा बिघाड नसून न्याय्य तक्रारही असू शकेल. जखम भरून येणे, वेदनाशामकांची मात्रा, रुग्णालयातील मुक्काम आणि मनःस्थिती या चार वेगळ्या गोष्टी आहेत. त्या नेहमी एकाच दिशेने जातात असे गृहीत धरता येत नाही.

पुढील संशोधनाने या शंकांना दुजोरा दिला. वुल्फर व डेव्हिस यांना १९७० मध्ये अपेक्षित वक्ररेषा आढळली नाही. जॉन्सन, लेव्हेंथाल व डॅब्स यांना १९७१ मध्ये जो संबंध आढळला तो सरळ रेषेचा होता : आधी भीती अधिक, तर नंतरही भावनिक अस्वास्थ्य अधिक. स्पीलबर्गर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये प्रासंगिक चिंता आणि स्वभावगत चिंता असा भेद करून दाखविले की, शस्त्रक्रिया पार पडल्यावर पहिली ओसरते, दुसरी जवळजवळ तशीच राहते. 'भीती' या एकाच शब्दाखाली जॅनिस यांनी या दोन्ही गोष्टी एकत्र केल्या होत्या. ब्रॉडबेंट व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये अंतर्गळाच्या शस्त्रक्रियेच्या ४७ रुग्णांचा अभ्यास केला. त्यात शस्त्रक्रियेविषयी ज्यांना काळजी अधिक, त्यांच्या जखमेतील स्रावात ऊतींच्या दुरुस्तीला साहाय्य करणाऱ्या एका विकराचे प्रमाण कमी आढळले आणि त्यांची सुधारणाही अधिक वेदनादायक व मंद झाली. काळजी उपकारक ठरण्याचे चिन्ह येथे दिसत नाही.

मग जॅनिस यांचा ग्रंथ बाजूला ठेवावा काय? तसे करणे घाईचे होईल. त्यांच्या प्रश्नावल्यांतच एक गोष्ट आढळली होती : ज्यांना काय होणार याची आगाऊ माहिती मिळाली होती, ते आधी अधिक चिंतित, परंतु नंतर कमी रुष्ट होते. जॅनिस यांनी या लाभाचे श्रेय भीतीला दिले. ते माहितीलाच द्यावयास हवे होते काय, हा खरा प्रश्न होय. त्याला अनुकूल उत्तर मिळाले ते मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात. एग्बर्ट व सहकाऱ्यांनी १९६४ मध्ये पोटाच्या शस्त्रक्रियेच्या ९७ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला भूलतज्ज्ञाने भेटून वेदना कोठे होईल, किती होईल, ती स्वाभाविक कशी, आणि स्नायू सैल सोडणे, दीर्घ श्वास घेणे व कूस बदलणे यांनी ती कशी कमी करावी, हे सांगितले. कोणता रुग्ण कोणत्या गटातील, हे शस्त्रवैद्यांना ठाऊक नव्हते. या गटाला वेदनाशामक मादक औषधे पुढे सुमारे निम्मीच लागली आणि त्यांना सरासरीने २.७ दिवस आधी घरी पाठविण्यात आले. येथे रुग्णाची भीती वाढविलेली नाही. त्याच्या हाती एक साधन दिलेले आहे. पुढे लँगर, जॅनिस व वुल्फर यांच्या १९७५ मधील प्रयोगात नुसत्या माहितीपेक्षा प्रसंगाकडे पाहण्याची दृष्टी बदलण्याचे शिक्षण अधिक परिणामकारक ठरले, ही गोष्ट स्वतः जॅनिस यांचा त्यात सहभाग असल्यामुळे विशेष लक्षणीय आहे.

याही निष्कर्षांची मर्यादा सांगावयास हवी. २०१६ मधील कॉक्रेन समीक्षेने १०५ अभ्यासांचा परामर्श घेतला. मानसिक पूर्वतयारीने वेदना, मुक्काम व नकारात्मक भावना कमी होण्याचा संभव तिने मान्य केला. परंतु पुराव्याचा दर्जा हलका असल्याचेही नमूद केले. मुक्कामातील घट सरासरीने सुमारे अर्ध्या दिवसाची आहे. १९६४ मधील आकडा डोळ्यांपुढे ठेवून मोठ्या अपेक्षा बाळगणे म्हणूनच युक्त नव्हे.

सिद्धांताच्या या परीक्षणाला व्यवहाराच्या दृष्टीने महत्त्व आहे. माफक भीतीचा सिद्धांत शब्दशः घेतला, तर शांत रुग्णाला थोडे घाबरविणे हे वैद्याचे कर्तव्य ठरेल आणि भयभीत रुग्णाला 'काळजी करणे तुझ्या हिताचेच आहे' असे सांगून वाऱ्यावर सोडता येईल. दोहोंनाही उपलब्ध पुराव्याचा आधार नाही. उलट, सिद्धांत सर्वस्वी टाकून दिला, तर 'काही होत नाही, निश्चिंत असा' या खोट्या दिलाशाला पुन्हा मोकळीक मिळेल. जॅनिस यांची वक्ररेषा टिकली नाही. तथापि हसतमुख रुग्णालाही उद्याच्या वेदनेची कल्पना देणे आवश्यक आहे, हा त्यांचा मुद्दा टिकला आहे. एकच दुरुस्ती करावी लागते : वेदनेची वार्ता सांगणाऱ्याने ती सोसण्याचा उपायही त्याच बैठकीत शिकवावा.