दोन भाषा, साडेचार वर्षे आणि एक घाईचा निष्कर्ष

'दोन भाषा येणाऱ्या माणसाला म्हातारपणी स्मृतिभ्रंश होत नाही' असे विधान हल्ली सर्रास कानावर येते. पालकसभेत त्याला पुढचे शेपूट जोडले जाते : 'म्हणून मुलांना इंग्रजी माध्यमात घाला.' या विधानामागे एक महत्त्वाचा शोधनिबंध आहे आणि तो आपल्याच देशातला आहे. तो नेमके काय सांगतो, हे तपासून पाहू.

हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेसमधील डॉ. सुवर्णा अल्लाडी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली 'न्यूरॉलॉजी' या नियतकालिकात तो प्रसिद्ध केला. स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांच्या नोंदी त्यांनी अभ्यासल्या. त्यांपैकी ३९१ जण दोन किंवा अधिक भाषा बोलणारे होते. या द्वैभाषिकांमध्ये आजाराची लक्षणे सरासरी साडेचार वर्षे उशिरा दिसू लागली होती. कॅनडातील टोरांटो येथे एलेन बियालिस्टॉक यांना २००७ साली साधारण असाच फरक आढळला होता. परंतु तिथले बरेचसे द्वैभाषिक परदेशातून येऊन स्थायिक झालेले होते. त्यामुळे फरक भाषेचा की स्थलांतराचा, हे सांगणे कठीण होते. हैदराबादेत ही अडचण नव्हती. तिथला माणूस घरी तेलुगू, बाजारात दख्खनी, कामावर हिंदी किंवा इंग्रजी सहज बोलतो. निरक्षर रुग्णांमध्येही सुमारे सहा वर्षांचा फरक दिसला, म्हणजे श्रेय केवळ शालेय शिक्षणाला देता येत नाही. ही या अभ्यासाची खरी ताकद आहे.

असे का व्हावे? दोन भाषा बोलणाऱ्याच्या मेंदूत दोन्ही भाषा एकाच वेळी जाग्या असतात. एक बोलताना दुसरी आवरून धरावी लागते. आयुष्यभराच्या या सरावातून मेंदूत काही राखीव क्षमता तयार होत असावी, अशी कल्पना आहे. आजार थांबत नाही, पण तो अधिक काळ निभावून नेता येतो. टोरांटोतच २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सारख्याच बौद्धिक पातळीवरील रुग्णांची तुलना केली गेली. तेव्हा द्वैभाषिकांच्या मेंदूची झीज उलट जास्त झालेली आढळली. म्हणजे 'आजार होत नाही' हे म्हणणे इथेच निकालात निघते.

आता अभ्यासाची मर्यादा पाहू. यात फक्त रुग्णालयात आलेले रुग्ण मोजले आहेत. दोन बागांचे आंबे अढीत घातले आणि त्यांतले फक्त नासलेले आंबे बाजूला काढून कोणता कितव्या दिवशी नासला, हे लिहून ठेवले, असे समजा. पहिल्या बागेची सरासरी सहा दिवस आली, दुसरीची नऊ. दुसऱ्या बागेचा आंबा जास्त टिकाऊ ठरला का? पहिल्या बागेचे आंबे आठवड्यात खाऊन संपले आणि दुसरीचे पंधरवडाभर अढीतच राहिले, तरीही सरासरीत असाच फरक पडेल. शिवाय प्रत्येक अढीत न नासलेले आंबे किती, हे या नोंदीतून कळतच नाही.

त्यासाठी निरोगी माणसे निवडून वर्षानुवर्षे त्यांचा माग काढावा लागतो. २०१७ साली लंडनच्या नहीद मुकदम आणि सहकाऱ्यांनी दोन्ही प्रकारचे अभ्यास एकत्र तपासले. मागे वळून पाहणाऱ्या अभ्यासांत काही वर्षांचा उशीर दिसला. पण निरोगी माणसांचा माग काढणाऱ्या अभ्यासांत द्वैभाषिकांना स्मृतिभ्रंश कमी होतो, असे आढळले नाही. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. स्कॉटलंडमध्ये १९४७ साली अकरा वर्षांच्या मुलांची बुद्धिचाचणी झाली होती. त्यांतल्या ८५३ जणांची सत्तरीनंतर पुन्हा चाचणी घेतली, तेव्हा दुसरी भाषा येणाऱ्यांनी बालपणीच्या गुणांवरून अपेक्षित होती त्यापेक्षा सरस कामगिरी केली.

तेव्हा निवाडा असा : लक्षणे उशिरा दिसण्याची शक्यता आहे, आजार टळतो याला आधार नाही. 'लॅन्सेट' आयोगाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाचे टाळता येण्याजोगे चौदा धोके सांगितले. त्यांत अपुरे शिक्षण, कमी ऐकू येणे, रक्तदाब, मधुमेह, एकाकीपणा आहेत. एकभाषिकता त्या यादीत नाही.

आणि इंग्रजी माध्यमाचे काय? हैदराबादच्या निष्कर्षाचा त्याच्याशी संबंध नाही. तिथल्या भाषा रोजच्या वापरातल्या होत्या, आणि निरक्षरांनी तर त्या शाळेत शिकलेल्याच नव्हत्या. दोनापेक्षा अधिक भाषा येण्याचा वेगळा फायदाही तिथे दिसला नाही. आपल्या रत्नागिरीत घरी कोकणी बोलणारी मुस्लिम कुटुंबे बाजारात मराठी आणि बाहेरच्यांशी हिंदी बोलतात. मुंबईत नोकरी करून परतलेला चाकरमानी मराठीइतक्याच सहजतेने हिंदी बोलतो. हैदराबादच्या द्वैभाषिकांशी साम्य शोधायचे तर ते इथे आहे. इंग्रजी पक्की व्हावी म्हणून मुलाची घरची भाषा बंद करणे म्हणजे दोन भाषांची एक करणे. शिवाय त्यामुळे आजीशी बोलणारे एक माणूस घरात कमी होते, आणि एकाकीपणा तर त्या चौदा धोक्यांत आहेच.

पालकसभेत हा विषय निघालाच, तर एवढे सांगावे : इंग्रजी जरूर शिकवा, पण घरची भाषा काढून घेऊन नव्हे.