फॉर्ममध्ये नळ कुठाय?

छावणीतून घाटीत पोस्टिंगला जाणाऱ्या नर्सिंगच्या कुठल्याही विद्यार्थिनीला विचारा, हात कधी धुवायचे? जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेले पाचही क्षण ती घडाघडा म्हणून दाखवेल. म्हणजे माहिती आहे. मग आपण संशोधक पुन्हा पुन्हा माहितीच का मोजतो?

कोविडच्या काळात या विषयावर आलेले बरेचसे पेपर एकाच साच्यातले आहेत. गुगल फॉर्म, त्यात ज्ञान, दृष्टिकोन, आचरण असे तीन भाग, आणि शेवटी ठरलेली शिफारस, प्रशिक्षण वाढवा. लॉकडाऊनमध्ये दुसरा मार्ग नव्हता, मान्य. पण 'तुम्ही नियमित हात धुता का?' यावर परीक्षेची सवय असलेली मुलगी 'नेहमी' हेच टिक करणार ना! स्वतः सांगितलेलं आचरण प्रत्यक्ष निरीक्षणापेक्षा जास्त भरतं, हे आपल्या क्षेत्रात जुनंच आहे.

काही पेपर आयझेनचा 1991 चा नियोजित वर्तनाचा सिद्धान्त वापरतात. तो सोप्या भाषेत असा: मला काय वाटतं, भोवतालचे काय अपेक्षा करतात आणि ते करणं माझ्या हातात आहे का. गोची तिसऱ्यात आहे. फॉर्म विचारतो, 'तुम्हाला जमेल असं वाटतं का?' वॉर्डात बेसिन किती लांब, साबण आहे का, हे विचारत नाही.

साधा हिशोब करू. वीस रुग्णांचं बीपी घ्यायचंय. दोघांच्या मध्ये एकदाच हात धुतले, तरी साबण-पाण्याला किमान 40 सेकंद, म्हणजे 13 मिनिटं नुसती नळावर. चालणं वेगळंच. हॅन्डरबला 20 सेकंद पुरतात, पण बाटली खाटेपाशी हवी. आणि सिस्टर 'आटप लवकर' म्हणाल्या, तर शिकाऊ मुलगी कुणाचं ऐकेल?

1847 मध्ये व्हिएन्नात झेमेलवाईसला काय दिसलं होतं? शिकाऊ सुईणींच्या विभागापेक्षा डॉक्टरकीच्या विद्यार्थ्यांच्या विभागात बाळंतिणी जास्त मरत होत्या. कारण वृत्ती नव्हती. ते विद्यार्थी शवविच्छेदन करून थेट प्रसूतीला येत. त्याने क्लोरीनच्या चुन्याने हात धुणं सक्तीचं केलं आणि मृत्यू झपाट्याने उतरले.

'दृष्टिकोन कमी पडतो' असा निष्कर्ष छापला, की दोष वॉर्डातल्या सगळ्यात धाकट्या मुलीवर जातो आणि हॅन्डरबची ऑर्डर तशीच राहते. म्हणून पुढच्या फॉर्ममध्ये तीनच प्रश्न वाढवा: नळ किती पावलांवर? बाटली भरलेली होती का? सिस्टरांनी स्वतः हात धुतले का? जमलं तर फॉर्म बाजूला ठेवा आणि एक अख्खी शिफ्ट वॉर्डात उभे राहा.