पडद्यावरचे दान

भूमिका-खेळ, म्हणजे ज्यात प्रत्येक खेळाडू एका कल्पित पात्राचे सोंग घेतो आणि त्याच्या वतीने निर्णय करतो असा खेळ, पडद्यावर आणण्याचे प्रयत्न गेली कित्येक वर्षे चालू आहेत. त्यांतील बहुतेकांनी खेळातले जग तेवढे उचलले आणि खेळणे टेबलावरच राहू दिले. या प्रकाराचा मूळपुरुष मानला जाणारा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या अमेरिकी जोडीने १९७४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात कोणी जिंकत नाही. एक सूत्रधार प्रसंग उभा करतो, भोवतीचे चार-पाच जण आपापले पात्र काय करते ते सांगतात, आणि ते साधले की फसले याचा निकाल बहुधा वीस पैलूंचा फासा देतो, त्यामुळे गोष्ट कोठे जाणार हे सूत्रधारालाही आधी ठाऊक नसते. चित्रपटाची संहिता मात्र सहसा चित्रीकरणापूर्वीच लिहून झालेली असते, आणि रूपांतराची खरी अडचण ही आहे. ड्रॅगन उडवण्याचा खर्च ही नव्हे.

कोर्टनी सॉलोमन यांनी दिग्दर्शित केलेल्या, याच खेळावरच्या २००० सालच्या चित्रपटाला ही अडचण जाणवलीच नाही. त्यात ड्रॅगन होते, राजवाडे होते, जेरेमी आयर्न्स यांच्यासारखा कसलेला नट घसा फोडून ओरडत होता. पण फासा कधी उलटा पडेल ही धाकधूक कोठेच नव्हती, आणि चित्रपटाचा खर्चही वसूल झाला नाही. डंकन जोन्स यांचा ‘वॉरक्राफ्ट’ (२०१६) संगणकावरील खेळावर बेतलेला असून त्याची चूक निराळी आहे: वंशावळी आणि इतिहास सांगता सांगता त्याची दमछाक होते. जगभरातील कमाईचा जवळपास निम्मा वाटा एकट्या चीनमधून आला, हे त्याच्या निर्मात्यांचे नशीब.

जपानमध्ये याच्या उलट वाट चोखाळली गेली. तेथे १९८६ पासून एका मासिकात ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या डावांचे संवादरूप वृत्तांतच छापले जाऊ लागले, त्या डावांचे सूत्रधार र्‍यो मिझुनो यांनी पुढे त्यांवर कादंबऱ्या लिहिल्या, आणि त्यांतून १९९० मध्ये ‘रेकॉर्ड ऑफ लोडॉस वॉर’ ही चलच्चित्रमालिका निघाली. म्हणजे खेळ आधी झाला आणि कथा मागाहून आली.

जोनाथन गोल्डस्टीन आणि जॉन फ्रान्सिस डेली यांच्या २०२३ मधील, याच खेळावरच्या ‘ऑनर अमंग थीव्ज’ या चित्रपटाचे महत्त्व असे, की लिहून ठेवलेल्या संहितेतच त्यांनी टेबलावरची फजिती कालवली. सुरक्षित पावलांचा गुंतागुंतीचा नियम असलेला एक पूल ओलांडायचा असतो. तो नियम समजावून सांगणे चालू असतानाच मांत्रिक सायमनचा पाय पहिल्या दगडावर पडतो आणि पूल कोसळतो. आता पुढे काय, तर इतका वेळ जी नुसती काठी म्हणून सोबत होती, तीच दोन ठिकाणे जोडणारी जादूची काठी निघते. सूत्रधाराने कष्टाने रचलेले कोडे खेळाडूंनी क्षणात उधळावे आणि त्याने घाईघाईने दुसरी वाट काढून द्यावी, हा खेळणाऱ्यांच्या नित्य परिचयाचा प्रकार येथे पटकथेचे तंत्र होऊन येतो, आणि खेळ न खेळलेल्या प्रेक्षकालाही तो अडत नाही. झेंक हा सद्गुणांचा पुतळा तर सूत्रधाराने मदतीला धाडलेल्या पात्रासारखाच वागतो. निरोप घेऊन निघाल्यावर वाटेत धोंडा आला तरी तो बाजूने न जाता त्यावरून सरळ चढून जातो. उलट नियमपुस्तकाशी चित्रपट नेहमीच प्रामाणिक नाही: रूप पालटणारी डॉरिक घुबड-अस्वल होते, ही मुभा खेळाचे रूढ नियम तिच्या पात्रवर्गाला देत नाहीत. काही खेळाडूंनी यावर नाके मुरडली. पण दृश्य रंगते, आणि चांगला सूत्रधारही एवढी सूट देतोच.

उणीव आहे ती नायकाच्या मृत पत्नीच्या आठवणींत, जेथे चित्रपट आपली खोडकर चाल सोडून सर्वमान्य हळवेपणा पत्करतो. सुमारे पंधरा कोटी डॉलरच्या खर्चावर वीस कोटींहून थोडी अधिक कमाई झाली, तेव्हा व्यवसायाच्या हिशेबात दान बेताचेच पडले. तरी स्मशानातला प्रवेश या कलाप्रकारात वेगळा उठून दिसतो. मंत्राने उठवलेले प्रेत फक्त पाच प्रश्नांची उत्तरे देते, हा खेळातला कोरडा नियम. नायक पहिल्या उत्तरानंतर ‘अजून चार ना?’ असे सहज विचारतो, प्रेत होकार देते, आणि तोही प्रश्न हिशेबात धरला जातो. अखेरीस उकरलेल्या एका प्रेताचे प्रश्न मात्र पुरे होत नाहीत, आणि श्रेयनामावली सुरू झाल्यावर ते उघड्या डोळ्यांनी, कोणी उरलेले विचारायला येते का याची वाट पाहत, तसेच पडलेले दिसते.