पोरांपुढं कोणतं पुस्तक धरायचं?

चित्रांच्या पुस्तकांवर आपल्यात कुणी लिहीत नाही. कविता, आत्मकथन, फार तर कथा. सात वर्षांच्या पोराच्या हातात काय पडतं याची चौकशी करायला आपल्या समीक्षेला सवड नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर आहे, तिसरी-चौथीची पोरं माझ्याकडं. मला ही चौकशी करावीच लागते. आणि एकदा मी त्यात जबर चुकलोय.

चुकलो ते ‘भीमायन’ हातात घेऊन. पुस्तक साधंसुधं नव्हे. २०११ साली ‘नवयान’नं काढलं. मजकूर श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचा, चित्रं दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांची. पाणी, निवारा, प्रवास असे भाग. पहिल्यातच शाळेतला तहानलेला भीम. शिपाई असेल तर पाणी, नसेल तर कोरड्या घशानं घरी.

मी चित्रं दाखवत मराठीत सांगत होतो. गळा दाटून आलेला. माझा बाप पाणवठ्यावर लांब उभा राहिलेला माणूस. मला वाटलं, आपण फार मोठं काम करतोय. ते पान उघडलं नि वर्गातली सगळी डोकी एकदम वळली. पुस्तकाकडं नव्हे, तिसऱ्या ओळीतल्या एका पोराकडं. वस्तीतनं येणारा तो एकटाच. आणि मी शहाणा, त्यालाच म्हणालो, “तू सांग, भीमाला कसं वाटलं असंल?”

त्यानं काही सांगितलं नाही. पाण्याची बाटली दप्तरात सारली. दोन दिवस शाळेत आला नाही.

यात पुस्तकाचा गुन्हा काहीच नाही, गुन्हा मास्तराचा. पण गुन्हा कशानं घडला ते बघायला पाहिजे. त्या पोरानं शाळेत आजवर पाहिलेल्या चित्रांत त्याच्यासारखा माणूस कधी आला? आला तो झाडू घेऊन, ‘आपले मदतनीस’ या पानावर. आणि त्यानंतर थेट तहानेनं व्याकूळ होऊन. मधे काही नाहीच. हसताना नाही, खोड्या करताना नाही, आईच्या मांडीवर नाही.

प्रस्थापितांची पुस्तकं वाईट असतात असं मी म्हणणार नाही. माधुरी पुरंदरे यांचं ‘राधाचं घर’ मी दरवर्षी वाचतो. घरातल्या माणसांवर इतकं नितळ, उपदेश न करता लिहिणं मराठीत दुर्मीळ. पोरं खूश होतात. पण एका पोरीनं मला विचारलं, “सर, हिच्या घरातली समदी घरीच कशी? उसाला जात न्हाईत?” राधा खोटी नाही हो. फक्त फळीवर सगळ्या राधाच बसल्यात, हे दुखणं आहे.

एका मित्रानं मला ‘द स्नोई डे’ दिलं. अमेरिकेचं, १९६२ सालचं, एझ्रा जॅक कीट्सचं. पीटर नावाचा काळा पोरगा लाल कपडे घालून बर्फात हुंदडतो. काठीनं झाड हलवतो, डोक्यावर बर्फ पडतं. एक गोळा खिशात घालून घरी आणतो, तो वितळून जातो. संपलं. त्याला कुणी हिणवत नाही, कुणी उद्धारत नाही, ‘काळा’ हा शब्द मजकुरात एकदाही नाही. कीट्स स्वतः गोरा ज्यू. मूळ आडनाव कॅट्झ, ज्यूद्वेषापायी बदललेलं. आडनाव बदलण्याचं दुखणं आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. १९४० साली ‘लाइफ’ मासिकातनं त्यानं एका काळ्या पोराचे फोटो कापून घेतले नि वीसेक वर्षं जपले, त्यातनं पीटर आला.

१९६५ साली नॅन्सी लॅरिक या बाईंनी अमेरिकेतली तीन वर्षांतली पाच हजारांवर बालपुस्तकं तपासली. काळा माणूस ज्यात कुठंतरी दिसतो अशी पुस्तकं शंभरात सातसुद्धा भरली नाहीत. १९७२ साली ज्यांच्यावरून आपल्या पोरांनी ‘पँथर’ हे नाव उचललं, त्यांच्या पोरांची ही अवस्था. त्याच लॅरिकबाईंनी पीटरच्या आईच्या चित्रालाही धारेवर धरलं: अगडबंब बाई, भडक पिवळ्या चौकड्यांचा झगा. आक्षेप मला अर्धाच पटतो. आई साच्यातली असेल. पण ती लेकराचे ओले मोजे काढते आणि त्याचं दिवसभराचं पुराण ऐकून घेते. वर्गात मी हे पुस्तक उघडलं तेव्हा पोरांना बर्फ म्हणजे कापूस वाटला. आणि तो तिसऱ्या ओळीतला हळूच म्हणाला, “सर, ह्यो आपल्यातला हाय?”

आपल्यातला! गावात या शब्दाला काय वजन आहे, तुम्ही जाणता. त्या दिवशी तो पहिल्यांदा पुढं येऊन बसला.

त्यानंतर वर्षभरानं, पोरं चौथीत गेल्यावर, मी ‘भीमायन’ पुन्हा काढलं. या वेळी पाण्याच्या पानापासनं सुरुवात केली नाही. सुरुवात केली फुग्यांपासनं. व्यामांनी चौकटी पाडलेल्याच नाहीत. गोंडी नक्षीच्या वेली पानं वाटून देतात. आणि बोलण्याचे फुगे दोन जातीचे. मायेचं बोलणं पाखराच्या आकारात. झोंबणारं बोलणं, त्याला विंचवाची नांगी. ही खूण प्रौढ समीक्षकांना परिच्छेद परिच्छेद लागते, पोरांना एका पानात कळली. मी एवढंच विचारलं, “नांगी कुणाकुणाला हाय, शोधा.” पोरं पुस्तकावर पालथी पडली. याला हाय, त्याला हाय, ह्या गाडीवाल्याला पण हाय! त्या दिवशी एकही डोकं तिसऱ्या ओळीकडं वळलं नाही. सगळ्यांचे डोळे डंख मारणाऱ्यावर.

म्हणून निवड करताना मी आता विषय बघत नाही. ‘अस्पृश्यतेवरचं पुस्तक’ म्हणून कुणी दिलं तर आधी एकटा बसून पानं उलटतो: हे पान उघडल्यावर वर्गाची नजर कुठं जाईल? सोसणाऱ्याकडं की सोसायला लावणाऱ्याकडं? आणि सोसण्याआधी त्या पोराला खेळताना कुणी बघितलंय का? करुणेच्या पुस्तकांचं मला भय वाटतं. करुणा वर्गात एकाच पोराच्या अंगावर पडते.

मग मी कागद वाटले, ‘तुम्ही ऐकलेलं नांगीवालं बोलणं काढा’ म्हणालो. कुणी चुलता काढला, कुणी दुकानदार. तिसऱ्या ओळीतल्यानं चष्मा घातलेला एक माणूस काढला, हातात पुस्तक. तोंडातनं निघालेल्या फुग्याला भलीमोठी नांगी, आणि फुग्यात दोनच शब्द: “तू सांग.”