गाण्यातला 'गं'

रेडिओवर 'सांगत्ये ऐका' (१९५९) मधलं बुगडीचं गाणं लागलं की आबा त्याचा कान पिळायचे. "घरंदाज मानसांनी ऐकायचं न्हाई ह्ये!" आई गुमान भाकरी थापायची.

शब्द गदिमांचे, चाल वसंत पवारांची, आवाज सांगलीत जन्मलेल्या आशाबाईंचा. वाट मात्र साताऱ्याची. सगळ्यांचं ध्यान ढोलकीवर जातं. माझं अडकलं ते ओळीतल्या 'गं'वर. लावणी म्हणायची गड्यांपुढं, पण 'गं' म्हणायचं बाईनं बाईला. त्या एका अक्षरानं फड मागं राहतो आणि गाणं मैत्रिणीच्या कानाशी लागतं. हे मला फार उशिरा उमगलं.

आईनं ते गाणं कधीच म्हटलं नाही. आबा रानात गेले की भाकरी थापता थापता तेवढा 'गं' गुणगुणायची.