चित्रपटातील संगीतकाराचे पारतंत्र्य

चित्रपटगीताची चर्चा करताना आपले समीक्षक शब्द, चाल आणि गळा या तिहींचा ऊहापोह करतात. ती चाल पसंत वा नापसंत करणारा चौथा गृहस्थ मात्र दृष्टीआड राहतो. निर्माता वा दिग्दर्शक यांच्याविषयी संगीतकार जी कुरकुर करीत आले आहेत, तिच्याकडे आपण कलावंताचा लहरीपणा म्हणून पाहतो. माझ्या मते तो टीकेचाच विषय आहे.

पेडणे-डिचोलीच्या जत्रांतून दशावतार पाहिलेल्या रसिकाला या कुरकुरीचे कारण सहज उमगावे. तेथे लिखित संहिता नसते. पेटी, पखवाज आणि झांज यांच्या साथीने पद किती रंगवावे, हे रंगमंचावरच ठरते. चित्रपटात हाच निर्णय गाणाराच्या वा चाल बांधणाराच्या हाती उरत नाही. जुन्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम सव्वातीन मिनिटे मावत. पण ते बंधन निदान सर्वांना सारखे होते. अभिरुचीचे बंधन तसे नसते.

उदाहरण आपल्याच मातीतले घेऊ. एन. दत्ता, म्हणजे दत्ता नाईक (१९२७-१९८७), हे कोलवाळजवळच्या आरोबा गावचे. सचिनदेव बर्मन यांच्याकडे साहाय्यक म्हणून उमेदवारी करून १९५५ साली 'मिलाप' या चित्रपटाने ते स्वतंत्र झाले. त्यांची खरी कीर्ती मात्र बी. आर. चोप्रा यांच्या तीन चित्रपटांवर उभी आहे: 'साधना' (१९५८), 'धूल का फूल' (१९५९) आणि 'धर्मपुत्र' (१९६१). तिन्हींची गीते साहिर लुधियानवी यांची. या गीतांना कथानकाचा युक्तिवाद पुढे न्यावयाचा असतो. स्त्रीची विटंबना किंवा धर्मभेद यांविषयी कवी काही ठामपणे सांगत असतो. अशा ठिकाणी चालीने मिरवू लागणे म्हणजे अर्थाचा घात. दत्तांनी वाद्यमेळ आवरता ठेवला आणि शब्दाला वाट करून दिली. येथे बंधन होते, आणि ते फलदायी ठरले, कारण बांधणाऱ्याला आपणास काय हवे आहे याची जाण होती.

याच चोप्रांनी १९५७ च्या 'नया दौर'साठी ओ. पी. नय्यर यांना घेतले होते. त्या चित्रपटाची गाणी घरोघरी पोचली, तरी पुढच्याच वर्षी दत्ता आले. आणि १९६३ च्या 'गुमराह'ला रवि आले. निवडीचा हक्क निर्मात्याचा, याविषयी वाद नाही. परंतु अशा बदलात संगीतकार केवळ एक चित्रपट गमावीत नाही. विषय, कवी आणि दृष्टी यांची जमलेली संगत गमावतो. 'नया रास्ता' (१९७०) मध्ये दत्ता-साहिर पुन्हा एकत्र आले, तेव्हा मधल्या काळाची हानी कानाला जाणवते.

आपल्या शेजारच्या कुडाळ भागातील सोनवड्याचे वसंत देसाई यांचीही कथा अशीच. 'शकुंतला' (१९४३) पासून 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) पर्यंत व्ही. शांताराम यांना त्यांनी साथ दिली. 'नवरंग'ला (१९५९) मात्र सी. रामचंद्र आले. पण देसायांना रंगभूमी मोकळी होती: 'पंडितराज जगन्नाथ' (१९६०) या नाटकातील पदे त्याची साक्ष देतील.

दत्तांच्या उत्तरकाळातील अनेक चाली सामान्य आहेत, हे मान्य केले पाहिजे. पारतंत्र्य ही प्रत्येक दुबळ्या चालीची सबब होऊ शकत नाही. मात्र तो दुबळेपणा प्रतिभेच्या ओहोटीचा, की त्यांच्या वाट्यास आलेल्या चित्रपटांचा, हा प्रश्न विचारल्यावाचून निकाल देणे अन्यायाचे होईल. कारण मराठीत 'मधुचंद्र' (१९६७) आणि 'अपराध' (१९६९) यांना संगीत देणारे दत्ता ताजे वाटतात. 'बाळा गाऊ कशी अंगाई' (१९७७) या चित्रपटातील त्यांचे अंगाईगीत आजही घराघरांतून म्हटले जाते. त्याची गायिका सुमन कल्याणपूर यांचे नाव पुष्कळांना सांगता येते. चाल आरोब्याच्या माणसाची, हे पेडण्यातही सांगावे लागते.