‘द’ विसरलात की दावाच बदलला?

सिनॉप्सिस लिहून झाला की आपण काय करतो? ग्रामर चेकरमध्ये टाकतो, लाल रेघा घालवतो आणि सुटलो म्हणतो. नाहीतर ‘इंग्रजीतल्या नेहमीच्या चुका’ छापाची यादी घेऊन बसतो. माझी तक्रार या याद्यांबद्दलच आहे. त्या सगळ्या चुकांना एकाच मापाने मोजतात.

‘डिस्कस अबाउट’मधलं ‘अबाउट’ जास्तीचं आहे, ‘रिटर्न बॅक’मधलं ‘बॅक’ही. काढून टाका. पण ते राहिलं तरी वाचणाऱ्याला तुमचं म्हणणं कळतंच.

आता हे पाहा. तुम्ही 60 विद्यार्थ्यांचा सर्व्हे केला आणि निष्कर्षात लिहिलंत, ‘स्टुडंट्स प्रिफर ऑनलाइन लेक्चर्स’. व्याकरण चोख, लाल रेघ नाही. पण हे वाक्य सरसकट सगळ्या विद्यार्थ्यांबद्दल बोलतं! ‘द स्टुडंट्स इन धिस सर्व्हे प्रिफर्ड’ असं लिहिलं की ते तुमच्या 60 जणांपुरतं राहतं. तसंच, ‘फ्यू टीचर्स अ‍ॅग्रीड’ म्हणजे फारसे शिक्षक सहमत नव्हते. ‘अ फ्यू टीचर्स अ‍ॅग्रीड’ म्हणजे काही जण सहमत होते. मराठीत आर्टिकल नाही, म्हणून आपली नजर तिथे अडत नाही.

नियमांची नावाजलेली पुस्तकंही डोळे मिटून मानू नका. स्ट्रंक आणि व्हाइट यांचं ‘द एलिमेंट्स ऑफ स्टाइल’ (1959) घ्या. अनावश्यक शब्द गाळा, हा त्यातला सल्ला आजही पटतो. पण पॅसिव्ह टाळा असं सांगताना त्यांनी जी चार उदाहरणं दिली, त्यातली तीन पॅसिव्ह नाहीतच, हे भाषाशास्त्रज्ञ जेफ्री पुलम यांनी 2009 मध्ये दाखवून दिलं. शिवाय मेथडॉलॉजीच्या प्रकरणात नमुने कुणी तपासले यापेक्षा कसे तपासले हे महत्त्वाचं असतं. तिथे पॅसिव्ह लिहिलं म्हणून बिघडत नाही.

तेव्हा लाल रेघा घालवाच, पण नंतर पेन्सिल घेऊन निष्कर्षाचं प्रकरण पुन्हा वाचा. प्रत्येक वाक्यापाशी विचारा: हे कुणाबद्दल आहे? किती जणांबद्दल? ‘प्रूव्ह्ज’ लिहिलंय, पण माझा पुरावा ‘सजेस्ट्स’पर्यंतच पोचतो का? जिथे उत्तर अडखळेल, तिथे खूण करा. गाइडकडे जाताना आधी त्या खुणांबद्दल बोला, स्पेलिंगचं नंतर बघता येईल.